भिंती रंगविल्याने कोपरे जात नाहीत

मायदेशातील एखाद्या महाविद्यालयाचे व्याख्यानगृह आपल्या वर्गणीतून बाबासाहेबांच्या जीवनावरील सजावटीने नटवावे, अशी सूचना आपल्या मंडळींत अधूनमधून होत असते. भिंतीवर चवदार तळे, छतावर अशोकचक्र, दाराशी देणगीदारांची नामावली! हेतूच्या शुद्धतेविषयी आम्हास शंका नाही. तथापि या सूचनेस आमचा विरोध आहे व तो आम्ही येथे स्पष्टपणे नोंदवीत आहोत.

सौंदर्याचे आम्हास वावडे नाही. येथील नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठातील, २०१५ साली पूर्ण झालेली ‘हाइव्ह’ ही आठमजली इमारत प्रत्येकाने पाहावी. तिच्या काँक्रीटवर सुमारे ७०० चित्रे उमटविली आहेत. परंतु वास्तुकार थॉमस हेदरविक यांचे खरे कर्तृत्व त्या चित्रांत नाही. तेथील ५६ वर्गखोल्यांना कोपराच नाही. पहिला बाक नाही, शेवटचाही नाही.

कोपरा नसणे म्हणजे काय, हे आपल्याहून अधिक कोणास कळावे? ज्या बालकास वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसविले गेले आणि ज्याच्या गोणपाटास शाळेचा नोकरही शिवत नसे, तेच बालक पुढे महाविद्यालयांचे संस्थापक झाले! त्यांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत स्थापिलेले महाविद्यालय मिलिंद राजाच्या नावाने, तर परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात नागसेन राजास आधीच बजावतात, की चर्चा पंडितांच्या रीतीने होणार असेल तरच आपण बोलू. कारण चूक दाखविल्यास पंडित रागावत नाहीत, राजे मात्र दंड करतात. राजाने ही अट मान्य केली. निर्भयपणे प्रश्न विचारण्याच्या या अधिकाराहून थोर अशी व्याख्यानगृहाची सजावट ती कोणती?

आम्ही वैद्यकीय व्यवसायातले. जखम न धुता वर सुबक पट्टी बांधण्यास आम्ही उपचार म्हणत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना भेदभाव सोसावा लागतो, असा अहवाल थोरात समितीने २००७ साली दिला. तेथील भिंतींवर चित्रे नव्हती, म्हणून का हे घडले? उद्या बाबासाहेबांच्या भव्य चित्राखालीच एखाद्या मुलीस तिच्या आडनावावरून हिणविले गेले, तर ते चित्र आपल्याच पैशाने उभा केलेला मुका साक्षीदार ठरेल.

म्हणून देणगी द्यावी, पण अटी घालून द्यावी. शेवटच्या रांगेतूनही फळा दिसावा, शब्द ऐकू यावा; चाकांच्या खुर्चीसाठी उतार असावा; आसने हलविता यावीत, म्हणजे कोणाची जागा कायमची ठरणार नाही. भेदभावाच्या तक्रारी ऐकणारी समिती असावी व तिचा अहवाल दरवर्षी आपल्या हाती यावा. एवढे करून पैसा उरलाच, तर चित्र अवश्य लावावे.

आधी आसन, मग चित्र. हा क्रम उलटविणाऱ्या दानास आम्ही बाबासाहेबांचे स्मारक मानावयास तयार नाही.

जय भीम!