विश्लेषण : बोट, हेलिकॉप्टर आणि रेल्वे… आदेशाची भाषा एक कधी होणार?

लष्करी आदेश, पाहणी अहवाल आणि संगणकावरचा युद्धसराव या तिन्हींसाठी एकच प्रमाण डिजिटल भाषा असावी, यासाठी जगात दोन दशकांहून अधिक काळ काम सुरू आहे. विषय ऐकायला दूरचा वाटतो. पण बदलापूर-वांगणीकरांनी त्याची गरज २७ जुलै २०१९ रोजी डोळ्यांनी पाहिली आहे.

आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली होती. एनडीआरएफच्या बोटी, नौदलाची पथके, हवाई दलाची हेलिकॉप्टर, लष्कर, रेल्वे, पोलीस, अग्निशमन दल, जिल्हा प्रशासन आणि आसपासचे गावकरी धावले. दुपारपर्यंत सुमारे १,०५० प्रवासी सुखरूप बाहेर आले. कामगिरी निर्विवाद मोठी होती. तरीही त्या सकाळी गाडीत नेमके किती जण आहेत, याचे आकडे बातम्यांत ७०० पासून २,००० पर्यंत फिरत होते. बोटी किती पाठवायच्या, हे याच आकड्यावर ठरते.

यंत्रणा इतक्या, मग अडचण कुठे?

वर मोजलेल्या सरकारी यंत्रणा आठ. प्रत्येकीचा नियंत्रण कक्ष वेगळा, सॉफ्टवेअर वेगळे, नोंदीची पद्धत वेगळी. आठ यंत्रणांना दोन-दोन करून जोडायचे तर २८ जोडण्या लागतात आणि एकीने सॉफ्टवेअर बदलले की तिच्या सात जोडण्या पुन्हा कराव्या लागतात. सगळ्यांनी एक समान भाषा मान्य केली तर प्रत्येकीने फक्त त्या भाषेशी जुळवून घ्यायचे. काम आठ जोडण्यांत भागते. तोपर्यंत दुभाष्याचे काम मोबाइल आणि वायरलेसवर बोलणारी माणसेच करतात. ती दमतात, चुकीचे ऐकतात आणि घाईत एखादा आकडा गाळतात.

पत्त्याचाच प्रश्न घ्या. उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. तिथे फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ मध्ये शहराला आजचे नाव मिळाले. तरी कॅम्प नंबर आणि बॅरेक नंबर आजही पत्त्यात टिकून आहेत. रिक्षावाल्याला ‘कॅम्प चार’ पुरते. दिल्लीहून आलेल्या संगणकाला त्यातून काहीच कळत नाही. अंबरनाथचे नाव तर इंग्रजीत दोन वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहिले जाते. माणसाला फरक पडत नाही, यंत्राला मात्र ती दोन गावे वाटू शकतात.

‘सी-टू-सिम’ काय आहे?

सिम्युलेशनची मानके ठरवणाऱ्या ‘सिसो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० मध्ये मंजूर केलेले हे मानक. ‘सी-टू’ म्हणजे आदेश आणि नियंत्रण, ‘सिम’ म्हणजे सिम्युलेशन. याआधी २००८ मध्ये सरावातला प्रसंग मांडण्यासाठी आणि २०१४ मध्ये आदेश-अहवालांसाठी अशी दोन वेगळी मानके आली होती. ती एकत्र करून, सुधारून हे नवे मानक तयार झाले. नाटोच्या संशोधन गटांनी त्याच्या चाचण्यांत मोठा वाटा उचलला.

त्यामागचा विचार शाळेतल्या बातमीलेखनासारखा आहे : कोणी, काय, कुठे, केव्हा, कशासाठी. आदेश लांबलचक परिच्छेदात न लिहिता ठरलेल्या रकान्यांत जातो. ‘लवकरात लवकर पुलाजवळ पोहोचा’ असे तिथे चालत नाही. कोणते पथक, कोणते काम, नकाशावरचा कोणता बिंदू, किती वाजता, हे भरावेच लागते. अहवालही तसाच येतो, कोणी पाहिले आणि कधी पाहिले यासह. असे झाले तर ७०० आणि २,००० यांतला कोणता आकडा ताजा आणि तो कोणाचा, हे निदान पडद्यावर दिसते. रकान्यांची नावे पडद्यावर मराठीत दाखवा, हिंदीत दाखवा, आतला संकेत तोच राहतो.

दुसरा फायदा सरावाचा, आणि तो अधिक मोलाचा. अधिकारी रोजच्याच संगणकावरून आदेश देतो, पण तो खऱ्या पथकाऐवजी सिम्युलेशनमधल्या काल्पनिक पथकाला जातो. ते पथक ‘पोहोचलो’, ‘पाणी वाढले’, ‘बोट बिघडली’ असे अहवाल त्याच भाषेत परत पाठवते. सरावासाठी वेगळे बटण, प्रत्यक्षासाठी वेगळे, असा घोळ राहत नाही.

अंबरनाथला हे नवे नाही

अंबरनाथच्या आयुध निर्माणीत किंवा शेजारच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत काम केलेल्याला ‘गो-नो गो गेज’ सांगावा लागत नाही. भाग गेजमध्ये बसला तर पुढे, नाही तर बाजूला. इथे तयार झालेला भाग शेकडो किलोमीटरवरच्या दुसऱ्या कारखान्यात बसतो, कारण ड्रॉइंग एक आणि गेज एक. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या. त्यात या दोन शेजाऱ्यांपैकी एक यंत्र इंडियाकडे गेली, दुसरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. मालक वेगळे झाले म्हणून मिलिमीटर वेगळा झाला नाही. संदेशासाठी प्रमाण भाषा म्हणजे नेमका असाच गेज. अपुरा किंवा अर्थहीन आदेश पुढे जाण्याआधी यंत्रच तो अडवते.

भारत कुठे आहे?

लष्कराची ‘आकाशतीर’ प्रणाली हवाई दलाच्या एकात्मिक नियंत्रण प्रणालीशी आणि नौदलाच्या ‘त्रिगुण’शी जोडल्याचे सरकारने मे २०२५ मध्ये सांगितले. आकाशतीरचे १,९८२ कोटी रुपयांचे कंत्राट मार्च २०२३ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सला मिळाले होते. हवाई दलाची प्रणालीही त्याच कंपनीची. ही प्रगती खरी, पण घरातल्या घरात जुळवणे सोपे असते. कसोटी लागते ती वेगळ्या कंपनीचे, वेगळ्या खात्याचे उपकरण जोडताना. तिन्ही दलांच्या संयुक्त आस्थापनांच्या प्रमुखांना एकत्रित अधिकार देणारा कायदा २०२३ मध्ये झाला. संगणकांसाठी तशी सक्ती व्हायला हवी.

जुळणी चुकली तर किंमत काय, याचे उदाहरण आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्राने हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर पडले. नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांच्यासह सहा जवान आणि एक नागरिक प्राणाला मुकले. ही मोठी चूक होती, असे हवाई दलप्रमुखांनी पुढे मान्य केले. निव्वळ संदेशाच्या भाषेने ती टळली असती, असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. ‘आपला की परका’ हे विचारणारा आणि उत्तर देणारा संकेत दोन्हीकडे सुरू असावा लागतो, आणि क्षेपणास्त्र सोडायचे की नाही हे माणूसच ठरवतो.

नागरी बाजूला एक पाऊल पडले आहे. २०२३ मध्ये अनेकांचे मोबाइल अचानक कर्कश वाजले आणि पडद्यावर चाचणीचा इशारा आला, तो अनुभव आठवत असेल. अशा इशाऱ्यांसाठी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ यंत्रणा आंतरराष्ट्रीय प्रमाण नमुना वापरते : धोका कोणता, किती तीव्र, कोणत्या भागात. पण इशारा म्हणजे आदेश नव्हे. कोणत्या बोटीने कुठे जायचे, हे त्यात नसते.

आक्षेप दोन

पहिला सुरक्षिततेचा : भाषा खुली असेल तर शत्रू वाचेल. हा गैरसमज आहे. व्याकरण सर्वांना ठाऊक असते, पत्र मात्र कुलूपबंद पाठवता येते. बँकांचे व्यवहारही असेच चालतात. दुसरा आक्षेप वजनदार आहे. हे मानक नाटोच्या सवयींतून घडले आहे, आपली दले, पदे आणि कामाची रीत वेगळी. पण ‘सी-टू-सिम’चा गाभा छोटा ठेवून त्यावर गरजेप्रमाणे विस्तार जोडण्याची सोय मुळातच आहे. भूदलाच्या कारवायांचा विस्तार तसाच झाला. भारताने गाभा घ्यावा, विस्तार स्वतःचा लिहावा आणि त्यात पूर, दरड, रेल्वे अपघात यांचे शब्दही घालावेत. सगळे शून्यातून नव्याने करण्याचा हट्ट महाग पडेल. एखाद्या कंपनीचा बंद नमुना स्वीकारणे तर त्याहून वाईट, कारण पुढची वीस वर्षे प्रत्येक बदलासाठी तिच्याच दारात उभे राहावे लागते.

यासाठी मोठी घोषणा लागत नाही. यापुढे नियंत्रण कक्षाची कोणतीही प्रणाली घेताना, मग ती लष्कराची असो, रेल्वेची किंवा जिल्ह्याची, संदेशाचा नमुना खुला आणि लिखित असावा अशी एक अट निविदेत टाकावी लागेल. आणि ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, आठही यंत्रणांना एका संगणकी सरावाला बसवता येईल. प्रसंग तयारच आहे : रात्रीची वेळ, उल्हास नदीला पूर, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये थांबलेली एक गाडी.