आधी प्ले काढा, मग अलाइनमेंट!

जुनी गाडी एका बाजूला ओढायला लागली, स्टिअरिंग भटकायला लागलं की सगळे एकच औषध सांगतात, "अलाइनमेंट करून घे." मला हे अजिबात पटत नाही. अलाइनमेंट हवीच, पण ती कशाची करताय ते आधी बघायला नको का?

आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ, मारुती ८००. १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षं ही गाडी बनली. तिच्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या मॉडेलला पॉवर स्टिअरिंग नाही. त्यामुळे रस्ता आणि आपले हात यांच्यामध्ये फारसं कुणी नसतं, चाकाला काय होतंय ते सरळ हाताला कळतं.

आता कॅस्टर. व्हायवासाठी व्याख्या सगळ्यांनाच पाठ असते! पण वर्कशॉपमधली ट्रॉली ढकलून बघा. तिचं फिरतं चाक आपोआप मागे जाऊन सरळ होतं ना, तसंच वळणावरून स्टिअरिंग स्वतःहून मधे येतं ते मुख्यतः कॅस्टरमुळे. तो कमी झाला की स्टिअरिंग हलकं लागतं, पण त्यातला जीव जातो. एका बाजूला कमी झाला तर गाडी त्या बाजूला ओढते.

टोचं वेगळं. चाकं पुढून बाहेर फाकली की गाडी सरळ रस्त्यावरही अस्वस्थ, सारखं सावरत राहायचं. आणि टायर? १२ इंची रिमवर टो एकूण २ मिमी चुकला, म्हणजे प्रत्येक चाक १ मिमी तिरकं. १ भागिले ३०५ करून बघा, प्रत्येक टायर दर किलोमीटरला सव्वातीन मीटर आडवा घासला जातो! बिचारा बाप टायर बदलतोय आणि मुलगा मेकॅनिकलला.

खरी गंमत पुढे आहे. मशीन स्क्रीनवर कॅस्टर, कॅम्बर सगळे आकडे दाखवतं, पण रोजच्या अलाइनमेंटमध्ये ८००चा फक्त टो बदलता येतो, टाय रॉड फिरवून. कॅस्टर बिघडला असेल तर बहुधा बुश गेलेले असतात, नाहीतर काहीतरी वाकलेलं असतं. टाय रॉड एंड ढिले असतील तर उभ्या गाडीवर लावलेला टो ब्रेक मारताच हलतो. माझ्या मामाच्या गाडीची दोन महिन्यांत दोनदा अलाइनमेंट झाली, पैसे दोनदा गेले, गाडी ओढायची ती ओढायचीच. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने हलवलं आणि म्हणाले, "बुश बदला आधी." बदलले, मग अलाइनमेंट एकदाच लागली.

त्याच्याही आधी फुकटातल्या गोष्टी आहेत. हवा तपासा, पुढचे दोन टायर अदलाबदल करा. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा. आणि आपले रस्ते मधे उंच असतात, डावीकडे थोडी झुकली म्हणून गाडीला लगेच दोष देऊ नका.

सरांना एकच विनंती. लॅबमध्ये कापलेलं स्टिअरिंगचं मॉडेल आहे, छान रंगवलेलं आहे, पण त्याला चाकंच नाहीत. भंगारात निघालेली एक ८०० आणू या. दोरा बांधून टो मोजायला फार तर एक दुपार लागेल, आणि बुश काढायला दुसरी.