तेलकट हात

आपल्या चिरंजीवाच्या सदऱ्यावर तेलाचा डाग दिसला कीं पुष्कळ पालकांस त्याच्या अभ्यासाची चिंता वाटूं लागते. गेल्या वर्षीं आम्हींही एका विद्यार्थ्यास काळ्या नखांबद्दल वर्गाबाहेर उभें केलें. तो घरीं इंजिनावर चालणारी लहानशी शर्यतीची मोटार बांधीत होता, हें मागाहून कळलें. त्या शिक्षेची आज आम्हांस लाज वाटते.

हा छंद नवा नव्हे. 1930 च्या दशकांत अमेरिकेंत अशा मोटारी धावूं लागल्या. लॉस एंजेलिसच्या डूलिंग बंधूंच्या मोटारी शौकीन लोक आजही जपतात. मोटार तारेनें मधल्या खांबास बांधलेली असते व वर्तुळांत धावते. आजच्या शर्यतींत 9.95 मीटर त्रिज्येच्या 8 फेऱ्या, म्हणजे 500 मीटर, मोजतात. 10 घनसेंटिमीटरच्या इंजिनानें ताशीं 340 किलोमीटरचा वेग ओलांडला आहे! इंधनांत एरंडेल मिसळतात. आम्हीं लहानपणीं नाक दाबून घेतलेलें तें एरंडेल तेथें पिस्टनाची झीज थांबवितें. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा: 3 किलोग्रॅमची मोटार ताशीं 300 किलोमीटर वेगानें धावतांना तारेवर दोन क्विंटलांहून अधिक भार पडतो. म्हणून प्रेक्षक जाळीमागें उभे राहतात, आणि हा खेळ अंगणांत खेळावा असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं.

आमचें म्हणणें बांधण्याविषयीं आहे. पूर्वीं सातारा जिल्ह्यांत असलेलें देवराष्ट्रे हें गांव आज सांगली जिल्ह्यांत मोडतें. तेथील एका कारागिरानें मुलाच्या हौशीखातर भंगारांतून, दुचाकीप्रमाणें लाथ मारून सुरू होणारी चारचाकी बांधली. डिसेंबर 2021 मध्यें तिची वार्ता देशभर पसरली व जानेवारी 2022 मध्यें आनंद महिंद्र यांनीं तिच्या बदल्यांत त्यास नवी बोलेरो दिली. पालकांनीं टाळ्या वाजविल्या, मात्र स्वतःच्या मुलानें कानस हातीं घेतली कीं, "तुला काय लोहार व्हावयाचें आहे?" असा प्रश्न त्यांच्याच घरीं ऐकूं येतो. तेथून जवळच 1910 मध्यें किर्लोस्करवाडी वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे तर मुंबईच्या तांत्रिक संस्थेंतील शिक्षक होते. सायकली दुरुस्त करण्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं.

दर शनिवारीं दोन तास शाळेची कर्मशाळा उघडी ठेवावी, असें आम्हीं मुख्याध्यापकांस विनविलें आहे. शिक्षा भोगलेला तो विद्यार्थीच प्रथम येणार आहे. ज्या पालकांच्या पडवींत जुन्या लूनेचें इंजिन पडून असेल त्यांनीं तें पाठवावें. गंजलेलें असलें तरी चालेल.