जोडीचा तंबोरा

“आपल्याला काय वाजवता येते?” ह्या प्रश्नाला “तंबोरा” असे उत्तर दिले, की विचारणारा सभ्य असला तर गप्प बसतो, नि नसला तर हसतो. चार तारा. पहिली मधल्या बोटाने छेडायची, उरलेल्या तीन तर्जनीने, की पुन्हा पहिली. ना कुठे सूर दाबायचा, ना ताल धरायचा. आमच्या सौभाग्यवतींचे मत असे की, ह्याला जेवढी अक्कल लागते तेवढी विहिरीचा रहाट ओढायलाही लागते, आणि रहाटाने निदान पाणी तरी येते.

गेली चाळीस वर्षे मी हा रहाट ओढतो आहे. गाणे मला येत नाही. पण आमच्या दादर-माहीमच्या टापूत बैठक ठरली की गवयामागे तंबोऱ्यावर बसायला मला बोलावणे येते, आणि माझ्याबरोबर माझा तंबोराही जातो. गवयाचा सूर काळी एक असेल तर एक तंबोरा, पांढरी दोन असेल तर दुसरा, बाईंचे गाणे असेल तर काळी चारचा नि काळी पाचचा धाकटा. असे करता करता घरात चार झाले. चारही मिरजेचे, आणि चारही एकाच कारागिराच्या हातचे. नाव छापलेले त्यांना रुचणार नाही; मी त्यांना चाचा म्हणतो, आपणही तसेच म्हणावे.

मिरजेत ह्या धंद्याचा पाया फरीदसाहेबांनी 1850 च्या सुमारास घातला असे सांगतात. ही मंडळी मुळात शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारी. लढाया संपल्या, तलवारी म्यानात गेल्या, नि त्या हातांनी सतारी-तंबोरे धरले. आडनावच सतारमेकर झाले. 2024 साली मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मी चाचांना अभिनंदनाचा फोन केला. ते म्हणाले, “चांगलं झालं साहेब. आता चांगला भोपळा मिळाला म्हणजे झालं.”

हा भोपळा आपल्या आमटी-भाजीतला नव्हे, कडू भोपळा. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठावरून. वेलीवर पुरता वाळलेला, जाड पाठीचा, एका बाजूला न झुकलेला असा भोपळा शेकड्यात एखादा निघतो. दांडी तूनच्या लाकडाची, तबलीही त्याचीच. पण लाकूड माणसाच्या कह्यात असते, भोपळा नसतो. सोनार दोन बांगड्या हुबेहूब घडवील. दोन भोपळे मात्र एका वेलीचे असले तरी सख्ख्या भावांसारखेच असतात. म्हणजे एकमेकांशी बोलतील, ह्याची खात्री नाही!

आणि गवयामागे तर तंबोरे दोन लागतात. त्यांचा आवाज एकमेकांत विरघळला पाहिजे. एक गोड नि दुसरा कोरडा असला की गवई सारखा मागे वळून पाहतो, आणि श्रोत्यांना वाटते, तंबोरेवाल्याचे चुकले. 1986 साली घेतलेला माझा काळी एकचा पहिला तंबोरा हा असा एकटा होता. त्याच्याशेजारी मी कितीकांचे तंबोरे बसवून पाहिले. त्याचे कोणाशीच जमले नाही. चाचा त्याच वेळी म्हणाले होते, “ह्याची जोडी मी देईन. घाई करू नका.” मी घाई केली नाही. मध्यंतरी तीन तंबोरे झाले, मुलीचे लग्न झाले, मी पेन्शनीत निघालो. तीन वर्षांपूर्वी फोन आला, “भोपळा मिळाला.” मग तो माळ्यावर मुरला, कापला, दांडीला जडला, आणि ह्या वर्षी, पाऊस ओसरल्यावर, निरोप आला की पहिला तंबोरा घेऊन या, दोघांची जवारी शेजारी ठेवून काढायची आहे.

ज्यांच्या घरी तंबोरा नाही (म्हणजे शहाण्यासुरत्या बहुसंख्य वाचकांच्या), त्यांच्यासाठी जवारी म्हणजे काय ते सांगतो. तंबोऱ्याची घोडी व्हायोलिनच्या घोडीसारखी धारेची नसते. तिची पाठ रुंद, नि अगदी किंचित उतरती. तार त्या पाठीवर घासत थरथरते. तारेखाली सुताचा एक दोरा असतो. तो केसभर मागेपुढे केला की एका जागी आवाज एकदम फुलतो. त्यालाच जवारी खुलली म्हणतात. मग खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडता, गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हे नुसते भाविकांचे बोलणे नव्हे. नोबेल पारितोषिकाच्या नऊ वर्षे आधी, 1921 साली, चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी वीणा-तंबोऱ्यांवर एक निबंध लिहिला. तार जिथे छेडली त्या जागेवरून जे उपस्वर शास्त्राप्रमाणे निघूच नयेत, ते ह्या घोडीमुळे खणखणीत निघतात, असे त्यांना आढळले.

पण तारेने घासून घासून घोडीला खाचा पडतात, नि आवाज बसतो. मग तारा उतरवायच्या, कानशीने पाठ सारखी करायची, तारा चढवायच्या, ऐकायचे, पुन्हा उतरवायच्या. म्हणजे तंबोरा एकदा विकत घेऊन संपत नाही. तो दर एक-दोन वर्षांनी नव्याने करावा लागतो, आणि करणारा हात असेल तोवरच तो तंबोरा. नाहीतर शोभेचा भोपळा. काही श्रीमंत हॉटेलांच्या दिवाणखान्यांतून असे भोपळे उभे केलेले दिसतात. माझ्याने तिकडे पाहवत नाही. “मोबाइलात सगळ्या पट्ट्यांचे तंबोरे आहेत, नि ते पुसावे लागत नाहीत,” हे आमच्या घरचे वाक्यही मी ऐकून घेतो. त्या मोबाइलावर मुली रोज पहाटे रियाज करतात, हे खोटे नाही. आणि बसने क्लासला जाणाऱ्या पोरीने पाच फुटी तंबोरा न्यावा तरी कुठून?

तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालो. गवसणी घातलेला तंबोरा बर्थवर आडवा झोपला, मी त्याच्या पायथ्याशी रात्रभर बसून राहिलो. तपासनीस येऊन म्हणाले, “अहो, पेशंटला काय होतंय?” मी म्हटले, “घोडी झिजली आहे.” ते सहानुभूतीने पुढे गेले.

मिरजेत चाचांना पाहून मात्र मी चरकलो. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. हात तसाच, दगडासारखा स्थिर. पण मी दारात “सलाम चाचा” म्हटले ते त्यांना तिसऱ्या खेपेला ऐकू गेले. वयाबरोबर कानातून आधी जातात ते बारीक, उंच स्वर. आणि जवारी म्हणजे तर सगळा त्यांचाच खेळ. चाचा कानस मारत, अंगठा घोडीवरून फिरवत, नि शेजारी बसलेल्या विशीतल्या नातवाकडे बघत. तो तार छेडून म्हणे, “अजून नाही.” पुन्हा तारा उतरत. हात एकाचा, कान दुसऱ्याचा. हस्तिदंत नि सांबरशिंग कायद्याने बंद झाल्याला कितीतरी वर्षे झाली, त्यावर दुसरे जिन्नस मिळाले. ह्यावर काय मिळणार, असे माझ्या मनात येत राहिले. तासाभराने चाचा म्हणाले, “साहेब, तुम्ही दर्ग्यात जाऊन या. इथं बसून आमचे हात बघू नका.”

मी गेलो. ख्वाजा मीरासाहेबांच्या त्या दर्ग्यातच अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. 1937 साली मद्रासजवळच्या एका लहानशा स्टेशनावर, तंबोरा जुळवून घेऊन, गातागाताच त्यांनी देह ठेवला असे सांगतात. वाद्यांच्या दुरुस्तीत ते स्वतः वाकबगार होते. तिथे दोन तास बसलो. चिंता देवाच्या दारी नेली तरी ती तिथे राहत नाही, बरोबरच परत येते.

परत आलो तो दोन्ही तंबोरे भिंतीशी उभे होते. चाचांनी एक माझ्याकडे दिला, एक नातवाकडे. आम्ही छेडू लागलो. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला गंधार आला. तो कोणत्या भोपळ्यातून निघतो आहे ते कळेना. खोलीभर नुसता गंधार. चाचा तळहात दांडीला लावून बसले होते.

“ह्यातल्या एकाची जवारी मी काढली,” ते थोड्या वेळाने म्हणाले, “एकाची ह्यानं, एकट्यानं. मी हातही लावला नाही. कोणता कोणाचा, सांगा.”

पोरगा खाली मान घालून तारा पुसत होता. मी एक ऐकला, दुसरा ऐकला, बदलून पुन्हा ऐकला. माझेही वय आता सहासष्ट, तेव्हा माझ्या कानाची साक्ष कोर्टात टिकायची नाही. पण मला सांगता आले नाही. चाचांनी उत्तर दिले नाही. चहा मागवला.

परतीला दोन तंबोरे नि एक बर्थ. घरी पोचल्यावर मी सौभाग्यवतींना समोर बसवून दोन्ही ऐकवले नि तोच प्रश्न घातला. बाईंचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे, हे मी खासगीत मान्य करतो. तिने डोळे मिटून दोन्ही ऐकले, पुन्हा ऐकवायला लावले, नि म्हणाली, “पोराचं नाव काय म्हणालात? पुढच्या खेपेला त्याच्यासाठी चकल्या घेऊन जा.”