बैलाचा घसारा धरतात, धन्याचा नाही



दोन वर्षांपूर्वी रोहिणी नक्षत्रात माझी कंबर गेली. धुऱ्याला मागच्या पावसात पडलेली खांड बुजवायची राहिली होती. दोन मजूर लावले असते तर 800 रुपये लागले असते. एवढ्याशा कामाला पैसे कशाला, म्हणून एकटाच गेलो. खाली घसरलेला दगड वाकून उचलला आणि तसाच कमरेत वळून धुऱ्यावर ठेवायला गेलो. कमरेत चमक भरली आणि मी तिथेच बसलो. बंडीत निजवून घरी आणले. मृग निघाला, वापसा आला, आणि मी 3 आठवडे खाटेवर. दवाखाना, औषधे आणि भाड्याच्या ट्रॅक्टरने करून घेतलेली पेरणी, सगळे मिळून 14,000 रुपये गेले. 800 वाचवायला गेलेल्या माणसाचा हा हिशेब आहे.

शेतकीची पदवी घेताना मला कपाशीच्या मुळाची खोली शिकवली, माणसाच्या मणक्याचे कोणी सांगितले नाही. गोष्ट मात्र पहारीइतकी सोपी आहे. पहार जितकी लांब, तितका थोड्या जोरात मोठा दगड हलतो. आपण वाकून, हात लांब करून दगड उचलतो तेव्हा हीच पहार आपल्यावर उलटी चालते. दगड लांब टोकाला आणि कमरेचे स्नायू आखूड टोकाला. 20 किलोचा दगड कमरेला त्याच्या कितीतरी पट जड पडतो. त्यात कंबर वळली की घात. वयाच्या पंचविशीत अंग हे सोसते. चाळिशीनंतर मणक्यांमधल्या गाद्यांतले पाणी कमी होते, स्नायू उतरतात, दुखणे भरून यायला दिवस लागतात. ओली काडी वाकते, वाळलेली मोडते.

पेरणी, डवरणी, वेचणी ही कामे आठवडेच्या आठवडे चालतात. तीही अंग मोडतात, पण अंग त्यांना सरावते. दुरुस्तीचे तसे नाही. विहिरीतली मोटार काढायची, गोठ्याचे टिन चढवायचे, बंडीचे चाक बसवायचे, रानडुकरांनी पाडलेले कुंपण उभे करायचे. काम एका दिवसाचे, जोर एका झटक्याचा, घाई हंगामाची आणि माणूस एकटा. पूर्वी वखर, तिफण, बंडी सुतार-लोहार पाहत, वर्षाला धान्य घेत. आता त्यांची पोरे शहरात गेली, आपलीही गेली. मागे राहिला तो पन्नाशीचा बाप. घरातली सगळी दुरुस्ती त्याच्या कमरेवर आली.

आता सरकारी हिशेब पाहा. कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्च काढतो तेव्हा अवजारांचा आणि शेतातल्या इमारतींचा घसारा धरतो. घरच्या बैलांच्या कामाची किंमत काढताना चारा-ढेपेबरोबर बैलाचा आणि गोठ्याचाही घसारा धरतो. बैल दरवर्षी म्हातारा होतो, हे आयोगाला मान्य आहे. ते योग्यच आहे. मग औतामागे चालणारा माणूस? त्याच्या कष्टाची दिवसाच्या मजुरीने किंमत लावली की संपले. 2018 पासून केंद्र सरकार दीडपट हमीभाव म्हणून सांगते तो रोखीचा खर्च अधिक घरच्यांची मजुरी, म्हणजे ए2 अधिक एफएल, या आकड्यावर. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरणारा सी2 खर्च त्याहून मोठा आहे. पण उद्या सी2 वर भाव मिळाला, तरी माणसाचा घसारा त्यातही नाही.

नोकरदाराच्या झिजेची सोय पेन्शनमध्ये, भविष्य निर्वाह निधीत होते. आपल्यासाठी 2019 मध्ये किसान मानधन योजना निघाली, साठीनंतर महिना 3,000 रुपयांची. पण नाव नोंदवायचे वय ठेवले 18 ते 40. म्हणजे ज्याची कंबर आज दुखते, तो आधीच बाहेर. राज्याच्या शेतकरी अपघात योजनेत मृत्यू, हातपाय किंवा डोळा गेला तर रक्कम मिळते. 30 वर्षे दगड उचलून झिजलेला मणका हा अपघात ठरत नाही.

सरकारला दोष देताना आपलाही कान धरू. "घरचेच काम, पैसे कुठे लागतात?" असे आपणच म्हणतो. खर्च सांगताना नांगरणी, बी, खत, वेचणी सांगतो. धुऱ्याचे 4 दिवस आणि गोठ्याचे 3 दिवस कोणी सांगत नाही. भिंती लिंपणारी, कुंपणाच्या काट्या डोक्यावर आणणारी घरची बाई तर आपल्याही हिशेबात नाही. आपल्या अंगाला आपणच शून्य भाव लावला, तर दुसरा का लावील?

मजूर परवडत नाही, हे खरे आहे. पण सावड तर परवडते. धुऱ्याचे, मोटारीचे काम एकट्याने करायचे नाही, चौघांनी एकमेकांकडे जायचे. दगड उचलण्याऐवजी पहारीने लोटा, बंडीला फळी लावून चढवा. उचलावाच लागला तर गुडघे वाकवा, दगड पोटाशी धरा, वळायचे तर पाय वळवा. अडीच इंची पाइप 30 फूट भरलेला असला तर त्यात 29 किलोच्या आसपास नुसते पाणी असते. मोटार ओढायची तर विहिरीवर तिकाटणे आणि साखळीची कप्पी लावून. अशी एक कप्पी गावाने वर्गणीतून घ्यावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्येच शिफारस केली की एका पुरुषाने हाताने वाहायचे ओझे 55 किलोपेक्षा जास्त नसावे. आपल्याकडे क्विंटलचे पोते पाठीवर घेणाऱ्याला मर्द म्हणतात. त्या मर्दाची साठी कशी जाते, ती प्रत्येकाने आपल्या घरात पाहिली आहे.

जिल्हा बैठकीपुढे माझे म्हणणे एवढेच आहे. प्रत्येक गावातल्या निदान 10 घरांनी या पाडव्यापासून वही ठेवावी. दुरुस्तीचे दिवस, कोणी केले, त्याचे वय, अंग धरले तर किती दिवस गेले आणि दवाखान्याला काय लागले, हे बाईच्या कामासकट लिहावे. वर्षाने त्या वह्या एकत्र करू आणि उत्पादन खर्चाच्या मागणीत माणसाचा घसारा आकड्यानिशी मांडू. तोवर धुऱ्यावर एकटे जाऊ नका.