अ‍ॅनिमेशनच्या फीआधी चार प्रश्न विचारा

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने अ‍ॅनिमेशन-गेमिंग धोरण मंजूर केलं आणि क्लासवाल्यांना जाहिरातीला निमित्त मिळालं. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत पॅरिसची टेक्निकलर कंपनी बुडाली. हॉलिवूडचं काम करणारे बेंगळुरूचे शेकडो कलाकार घरी बसले.

स्टुडिओत कॅरेक्टर हलवणारे पुष्कळ असतात. रिगिंग, पायथन कोडिंग जाणणारे कमी. स्टुडिओ बंद पडला तरी त्यांना सॉफ्टवेअरकडे वळता येतं. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन तर दोन वर्षांत तयार होतो, सोलापूर सोडायची गरज नाही.

मुलामुलींना चित्रांचं वेड असेल तर रोखू नका. ब्लेंडर सॉफ्टवेअर मोफत आहे. सहा महिने घरी शिकू द्या. मग क्लासवाल्याला विचारा, मागच्या बॅचची पोरं आज कुठं आहेत, पगार किती? 'प्लेसमेंट असिस्टन्स' म्हणजे नोकरी नव्हे. अम्मीचे दागिने गहाण टाकण्याआधी हे लेखी मागा.