छताला टेकलेले संगीत : लिमिटरचा इतिहास आणि एक मत

१/ घरच्या खोलीत लॅपटॉपवर गाणे मास्टर करणारे मित्र हमखास विचारतात, "सर्वांत चांगले लिमिटर प्लगिन कोणते?" माझ्या मते हा प्रश्न उलट्या टोकाने विचारला जातो. लिमिटर कशासाठी जन्मला आणि पुढे कशासाठी राबवला गेला, हे ठाऊक असल्याखेरीज तो निवडता येत नाही. म्हणून हा धागा. #इतिहास #ध्वनिमुद्रण

२/ आधी व्याख्या. लिमिटर म्हणजे ध्वनीच्या उसळीवर घातलेले छत. कॉम्प्रेसरही दाबतो, पण काही सवलत देऊन. प्रमाण ४:१ असेल, तर रेषेपलीकडे गेलेल्या ४ डेसिबलपैकी १ तो जाऊ देतो. लिमिटरचे प्रमाण १०:१, २०:१ किंवा थेट अनंतास एक असते. थोडक्यात, रेषा ओलांडायची नाही.

३/ त्याचा जन्म संगीतासाठी झाला नाही, रेडिओसाठी झाला. एएम प्रक्षेपणात मॉड्युलेशन १०० टक्क्यांपलीकडे गेले की आवाज फाटतो आणि शेजारच्या केंद्राच्या लहरींत घुसतो. पूर्वी हे टाळण्यासाठी एक माणूस हाताने पातळी सांभाळत बसे. १९३७ मध्ये अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकचे '११०ए' हे यंत्र आले आणि ते काम आपोआप होऊ लागले.

४/ येथेच कथेला कलाटणी मिळते. शिखरे दाबली गेली, म्हणजे उरलेला सारा आवाज वर उचलता येतो. सरासरी पातळी ३ डेसिबलने वाढणे म्हणजे शक्ती दुप्पट होणे. प्रक्षेपक मात्र तोच. राखणदार म्हणून आणलेले यंत्र शेजाऱ्यापेक्षा मोठ्याने ओरडण्याचे साधनही ठरले. लिमिटरचा पुढचा सारा इतिहास या दोन भूमिकांमधील ओढाताणीचा आहे.

५/ तबकडीच्या युगात हीच ओढाताण होती, पण तिला पदार्थाचा लगाम होता. आवाज वाढवला की खाचेचे वळण रुंदावते, तबकडीवर कमी मिनिटे मावतात, आणि अती झाले की सुई खाचेतून उडते. एस्टोनियात जन्मलेल्या राइन नार्मा यांनी रचलेला 'फेअरचाइल्ड ६७०' हा सुमारे ३० किलोंचा, २० व्हॉल्व्हचा लिमिटर तबकडी कोरणाऱ्या यंत्राच्या रक्षणासाठी होता.

६/ १९६७ मध्ये बिल पुटनम यांचा '११७६' आला. तो २० मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागात उसळीवर झडप घालू शके. तरीही उसळी यंत्रात शिरल्याखेरीज ती त्याला कळत नसे. जुन्या लिमिटरला भविष्य दिसत नव्हते. हा मुद्दा ध्यानात ठेवा.

७/ १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. १६ बिट, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर. कुजबुजीपासून गर्जनेपर्यंत सारे मावेल एवढे अंगण प्रथमच मिळाले. मात्र त्याचे छत कठोर होते. शून्य डेसिबलच्या वर आकडाच नाही. त्यापलीकडचे जे येईल ते सरळ कापले जाते.

८/ १९९४ मध्ये इस्रायलच्या वेव्हज कंपनीने 'एल१' हे सॉफ्टवेअर लिमिटर आणले. ते आवाज किंचित उशिराने पुढे सोडते आणि त्या अवधीत येऊ घातलेली उसळी आधीच पाहून घेते. लिमिटरला भविष्य दिसू लागले! आता पडद्यावरची एक पट्टी खाली ओढली की गाणे मोठे होई. सुई उडण्याचे भय नाही, खाच रुंदावण्याचे नाही. लगाम गेला.

९/ माणसाचा कान येथे फितूर होतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले होते की आवाज वाढला की खर्ज आणि अतितार स्वर आपल्याला तुलनेने अधिक भरीव ऐकू येतात. त्यामुळे लागोपाठ ऐकलेल्या दोन प्रतींपैकी मोठी प्रत 'चांगली' भासते. कंपन्यांनी हे ओळखले आणि ध्वनिपातळीची चढाओढ पेटली.

१०/ ओएसिसचा १९९५ चा आणि रेड हॉट चिली पेपर्सचा १९९९ चा 'कॅलिफोर्निकेशन' हे अल्बम या चढाओढीची नेहमीची उदाहरणे. २००८ च्या मेटालिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'ने कळस गाठला. तीच गाणी 'गिटार हिरो' या खेळातही होती, आणि तेथील प्रत कमी दाबलेली होती. श्रोत्यांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्या आणि तक्रार केली. इतिहासाचे विद्यार्थी याला पाठभेद म्हणतात.

११/ तहाचे कागद पुढे आले. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने कानाला जाणवणारी पातळी मोजण्याची रीत ठरवली. २०१० मध्ये युरोपीय प्रसारकांनी −२३ एलयूएफएस ही पातळी स्वीकारली. त्याच वर्षी अमेरिकेने दूरचित्रवाणीवरील कर्कश जाहिरातींविरुद्ध कायदा केला. स्पॉटिफाय मूळ सेटिंगमध्ये गाणी −१४ च्या आसपास आणून वाजवते.

१२/ याचा अर्थ नीट पाहा. आपण गाणे −७ पर्यंत दाबून पाठवले, तर ते ७ डेसिबलने खाली ओढले जाते. मोठेपणा जातो, चेपलेपण मात्र राहते. लढाईचे कारण संपले आहे आणि आपण अजून चिलखत घालून झोपतो.

१३/ दुसरी बाजूही खरी आहे. मेटल, हिप-हॉप किंवा नृत्यसंगीतात दाबलेला, खरखरीत आवाज हाच सौंदर्याचा भाग असतो. क्लबमध्ये ही समपातळी लागू नसते आणि श्रोता ती बंदही करू शकतो. माझा आक्षेप दाबण्यावर नाही. 'इतरांपेक्षा हळू वाटेल' या भीतीने दाबण्यावर आहे.

१४/ मग निवड कशी करावी? चार गोष्टी पाहा. ट्रू पीक मोजणी आहे का? दोन नमुन्यांच्या मधले शिखर साध्या मीटरला दिसत नाही, आणि एमपी३ किंवा एएसी होताना शिखरे आणखी वाढतात. म्हणून छत −१ वर ठेवावे. ओव्हरसॅम्पलिंग आहे का? रिलीज हाती आहे का? तो फार जलद ठेवला तर खर्ज फाटतो, फार संथ ठेवला तर गाणे धापा टाकू लागते.

१५/ चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : दाबलेली आणि मूळ प्रत समान पातळीवर आणून ताडता येते का? हे करता आले तर 'लाउडमॅक्स'सारखे मोफत प्लगिनही पुरते. न केल्यास 'प्रो-एल २'मधील अनेक शैली केवळ अधिक पद्धतींनी चूक करू देतात. आणि मिक्स दुसऱ्याकडे मास्टरिंगला देणार असाल, तर केवळ आवाज वाढवण्यासाठी लावलेला लिमिटर काढून द्या. चेपलेले पुन्हा फुलवता येत नाही.

१६/ आता घरची गोष्ट. आपल्या संगीताचा प्राण आघातात आहे. लावणीतल्या ढोलकीची थाप, समेवर येणारा तबल्याचा ठोका, टाळाचा पहिला क्षण, या साऱ्या उसळ्याच आहेत. लिमिटर सर्वप्रथम त्यांनाच धरतो. समेचा ठोका भोवतालच्या आवाजाइतकाच झाला, तर सम गणितात उरते, अंगावर येत नाही.

१७/ अलीकडे एका जुन्या भावगीताची 'रिमास्टर्ड' प्रत ऐकली. गायिकेने ओळीच्या शेवटी मुद्दाम हळू केलेला स्वर आणि मागचा वाद्यवृंद एकाच उंचीवर उभे होते. तिने आवाज कोठे आवरला, माइकपासून कोठे दूर झाली, ही सारी माहिती पुसली गेली होती. मोडी कागदावरील पुसट अक्षरे नव्या शाईने गिरवावीत, तसे ते होते. वाचायला सोपे, पण पुरावा म्हणून निकामी.

१८/ अभिलेखागारात कोणी असे केले तर आपण हादरून जाऊ. ध्वनिमुद्रिका हाही दस्तऐवज आहे. म्हणून जुने संगीत पुन्हा प्रसिद्ध करणाऱ्यांकडे तीन मागण्या : लिमिटर न लावलेली मूळ डिजिटल प्रत जपावी; नव्या प्रतीवर रिमास्टरचे साल आणि केलेले फेरफार नोंदवावेत; आणि जुनी प्रत नव्या प्रतीमागे नाहीशी करू नये.

१९/ नव्या संगीतकारांना एवढेच सांगणे : पट्टी खाली ओढण्यापूर्वी स्वतःला विचारा, आपण प्रक्षेपक वाचवत आहोत, सुई वाचवत आहोत, की केवळ शेजाऱ्याला हरवत आहोत? शेजारी कधीच हरलेला नाही. त्याचा आणि आपला आवाज यंत्राने केव्हाच समान केला आहे. तेव्हा ढोलकीला श्वास घेऊ द्या. (धागा समाप्त)